माणूस घडत जातो : आचार्य धर्मानंद कोसंबी



गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या काही कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतली. त्रिसरण-पंचशील झाले, बावीस प्रतिज्ञा झाल्या, देव्हाऱ्यातले टाक गाठोड्यात बांधून नदीत सोडले गेले. त्यांपैकी एका घरातला नातू पावसाळ्यात तापाने फणफणला आणि आजीबाईंचा हात सवयीने मीठमोहऱ्यांच्या डब्याकडे गेला. मुलाने ते पाहिले आणि तो संतापला. दीक्षा घेऊन काय उपयोग झाला, म्हणून चार माणसांत बोलला. आजीबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्यांनी मला गाठले आणि आपण बौद्ध झालो की नाही, असे सरळ विचारले.

मला नीट उत्तर देता आले नाही. त्याच आठवड्यात माझ्या नववीच्या वर्गात फॉर्म भरून घेत होतो. एका हुशार मुलाने आपले आडनाव सांगताना आवाज इतका खाली आणला की मला दोनदा विचारावे लागले. साठीची आजी आणि चौदा वर्षांचा मुलगा. दोघांचा प्रश्न मला एकच वाटला. आपण कोण, हे माणसाचे कधी ठरते? जन्मतः ठरते? दीक्षेच्या दिवशी ठरते? की आयुष्यभर ठरतच राहते?

अशा प्रश्नाला तत्त्वज्ञानाने उत्तर देण्यापेक्षा एखाद्या माणसाचे आयुष्य समोर ठेवावे, असे मला मास्तरकीत कळले आहे. म्हणून आज तुम्हाला आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्याविषयी सांगतो. विहाराच्या कपाटात 'भगवान बुद्ध' हे त्यांचे पुस्तक तुम्ही पाहिले असेल. लेखक फार मोठे पंडित असतील, असे समजून कपाटाचे दार लावूनही घेतले असेल. पण हा मनुष्य आरंभी पंडित नव्हता.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या खेड्यात त्यांचा जन्म झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. घराणे गौड सारस्वत ब्राह्मणांचे, उत्पन्न नारळाच्या बागायतीचे. शिक्षण म्हणावे तर तुटकतुटक. गावात धड मराठी शाळा नव्हती, आणि प्रकृतीही साथ देत नव्हती. जे काही आले ते हाती पडेल ते पुस्तक वाचून आले. १८९१ साली, म्हणजे पंधरावे वर्षही पुरे झाले नसताना, बाळाबाईंशी त्यांचे लग्न लावून दिले गेले. त्याच १८९१ साली महूच्या छावणीत आपल्या बाबासाहेबांचा जन्म झाला. हे साल लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

लग्नानंतरची आठ वर्षे या तरुणाने काय केले? नारळ मोजले, मजुरांवर देखरेख केली, आणि झुरत राहिला. विद्या हवी होती, पण कशी मिळवायची ते ठाऊक नव्हते. एकदोनदा घर सोडून बाहेर पडले आणि परत आले. चरित्र लिहिणारे पुष्कळदा हा भाग एका ओळीत उरकतात. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. पुढे जो मनुष्य लंकेला आणि अमेरिकेला गेला, तो आधी अर्ध्या वाटेवरून माघारी आलेला आहे. गावाने काय म्हटले असेल, ते तुम्ही-आम्ही कल्पनेने जाणू शकतो. शिकायला निघालेला पोरगा परत आला की गाव काय म्हणते, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही.

या झुरण्याच्या काळातच 'बालबोध' नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात भगवान बुद्धांविषयीचा मजकूर त्यांच्या वाचनात आला. मासिक मुलांचे, मजकूर साधा. पण वाचणारा विशीतला तरुण त्या क्षणी रिकामा होता, आणि रिकाम्या घागरीत पाण्याचा आवाज मोठा होतो. बुद्धांविषयी सगळे जाणून घ्यायचे, हे त्यांच्या मनाने घेतले. तुम्हाला येथे दुसरी एक गोष्ट आठवली असेल. बाबासाहेब मॅट्रिक झाल्यावर सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. दोन मुलखांतले, दोन टोकांच्या जातींतले दोन तरुण. दोघांच्याही हाती तथागत प्रथम आले ते मराठी अक्षरांतून.

१८९९ साली धर्मानंदांनी घर सोडले ते पुन्हा माघारी न येण्याच्या निश्चयाने. वय तेवीस. मागे पत्नी आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी माणिक. या ठिकाणी मी तुमच्याशी आडपडदा ठेवणार नाही. महापुरुषाच्या गृहत्यागाची गोष्ट आपण टाळ्या वाजवून ऐकतो, पण तान्हे मूल कडेवर घेऊन दारात उभी राहिलेली बाई आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली, याचे पुस्तक कोणी लिहिले नाही. धर्मानंदांनी मात्र स्वतःचे आत्मचरित्र लिहिले. 'निवेदन' हे त्याचे नाव, आणि ते १९२४ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यात त्यांनी स्वतःची बढाई मारलेली नाही, आपले दोष झाकलेले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

घरातून ते पुण्याला आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. पालीकडे जायचे तर आधी संस्कृत हवे, म्हणून ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. तेथे अन्नछत्रात जेवून आणि पडेल ते हाल सोसून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. हाल खरे होते, त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. तरीही एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. ते साल १९००. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला साताऱ्याच्या शाळेत भीमराव रामजी आंबेडकर या मुलाचे नाव पटावर चढले. गोणपाटावर वेगळे बसायचे आणि दुसऱ्याने वरून ओतले तरच पाणी प्यायचे, अशी त्या मुलाची शाळा होती. काशीची पाठशाळा आणि अन्नछत्र गरीब ब्राह्मणाला उघडे होते. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कोणी त्या वेळी तेथे गेले असते तर शिजलेल्या अन्नाच्या वाऱ्यालाही कोणी उभे केले नसते. धर्मानंदांचा निश्चय मोठा, यात शंका नाही. पण निश्चयाला दार लागते, आणि ते दार त्यांना जन्माने मिळाले होते. माणूस घडतो तो केवळ स्वतःच्या बळावर घडत नाही, हे आपल्या मुलांना सांगताना संकोचू नका.

बुद्धांचा धम्म शिकायला मिळेल या आशेने काशीहून ते नेपाळात गेले. तेथे जे पाहिले त्याने निराश झाले. मग बुद्धगया, तेथून कलकत्ता, आणि १९०२ साली सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. सिंहली लिपी शिकले. तेथले अन्न मानवेना, आजारी पडले, पण अभ्यास सोडला नाही. पुढे ब्रह्मदेशात गेले, भिक्षू झाले, विहारात राहून ध्यानाचा अभ्यास केला. साखवाळच्या बागायतीत झुरणारा तरुण पंचविशी ओलांडता ओलांडता चीवरधारी भिक्षू झाला. पूर्वाश्रमीची जात गेली, घर गेले, मुंडण झाले. आता घडणे संपले, असेच कोणी म्हणेल.

पण घडणे तेथे संपले नाही. १९०६ साली कलकत्त्याला त्यांनी पाली शिकवण्याचे काम पत्करले आणि चीवर उतरवून ठेवले. आपल्याकडे अशा माणसाला लोक पडला, बाटला, टिकला नाही असे म्हणायला कमी करत नाहीत. म्हणून विनयाची एक गोष्ट सांगून ठेवतो. भिक्षूला संघ सोडून प्रामाणिकपणे उपासक होता येते, विनयात त्याला वाट ठेवलेली आहे. ब्रह्मदेशात तर घरोघरची मुले काही काळ श्रामणेर होतात आणि परत शेतीवाडीला लागतात, त्यात कमीपणा कोणी मानत नाही. धर्मानंदांनी चीवर सोडले, बुद्धांना सोडले नाही. त्यानंतर गोव्याशी तुटलेला धागा पुन्हा जुळला. १९०७ साली मुलगा दामोदर जन्मला. हेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर नाव झालेले दा. ध. कोसंबी.

बी. एड. करताना आम्हाला मानसशास्त्राच्या तासाला एरिक एरिक्सन यांचा सिद्धान्त होता. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे असली नावे पाठ करताना जीभ अडखळायची. परंतु हा सिद्धान्त मात्र मनात राहिला. हे एरिक्सन १९०२ साली जर्मनीत जन्मले. आपला खरा बाप कोण, हे त्यांना कधी कळले नाही. सावत्र बापाचे आडनाव लावून ते वाढले, आणि १९३९ साली अमेरिकेचे नागरिक होताना त्यांनी स्वतःच स्वतःला नवे आडनाव दिले. ज्याच्या नावाचाच प्रश्न सुटला नव्हता त्या माणसाने आपण कोण या प्रश्नावर आयुष्य घालवले, यात नवल नाही. १९५० साली निघालेल्या ग्रंथात त्यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर मनाला एक पेच पडतो. तान्ह्या वयात विश्वास ठेवायचा की नाही. किशोरवयात मी कोण. तारुण्यात कोणाशी जीव जोडायचा. प्रौढपणी पुढच्या पिढीसाठी काही उभे करायचे की साचून राहायचे. म्हातारपणी मागे वळून पाहताना समाधान की वैफल्य. १९९४ साली ते वारले. बालपणी मनुष्याचा जो साचा होतो तोच मरेपर्यंत, असे मानणाऱ्यांच्या पुढे जाऊन व्यक्तित्व आयुष्याच्या अखेरपर्यंत घडत असते, असे त्यांनी सांगितले.

हे वाचताना मला आपल्या धम्मातली अनित्यता आणि अनात्म यांची आठवण झाली. आतमध्ये न बदलणारा, जन्मोजन्मी तोच राहणारा आत्मा नाही. आहेत ते संस्कार, आणि ते क्षणोक्षणी होत-जात असतात. जातिव्यवस्था उभी आहे ती नेमक्या उलट गोष्टीवर. जन्माला आला तेव्हा जो होतास तोच मरेपर्यंत राहशील, इतकेच तिचे म्हणणे. एरिक्सन बौद्ध नव्हते, आणि त्यांचे टप्पे सर्वांना जिन्याच्या पायऱ्यांसारखे लागू पडतात असेही मी मानत नाही. धर्मानंदांनाच पाहा. किशोरवयाचा पेच त्यांना तेविसाव्या वर्षी सुटला, संसाराचा पेच तिशीत पुन्हा उघडून सोडवावा लागला. पण प्रौढपणाविषयी एरिक्सन जे म्हणतात ते त्यांना तंतोतंत लागू पडते.

कलकत्ता विद्यापीठात चांगल्या पगाराची जागा होती. ती सोडून १९०८ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा ५० रुपये पत्करले. अट एवढीच होती, की महाराष्ट्रात राहून काम करावे आणि पुस्तके लिहावीत. याच सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. धर्मानंदांनी बडोद्यात दिलेली व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० साली छापली गेली. लहानसे पुस्तक आहे. ज्यांच्या घरी नवी दीक्षा झाली आहे त्यांनी मोठ्या ग्रंथांआधी हे वाचावे, अशी माझी शिफारस आहे.

१९१० साली हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्या बोलावण्यावरून ते अमेरिकेला गेले. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने आचार्य बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग' संपादित करायला घेतला होता, पण काम पुरे होण्याआधीच तो वारला. ते अर्धे राहिलेले काम धर्मानंदांच्या हाती आले. तेथील ज्येष्ठ प्राध्यापकांशी श्रेयावरून मतभेद झाले आणि १९१२ साली ते परतले. पुन्हा १९१८ साली गेले, त्या वेळी माणिक आणि दामोदर यांना बरोबर नेले आणि तेथे शिकवले. त्यानंतरही दोनदा गेले. वीस वर्षांहून अधिक काळ हे एकच काम त्यांचा पिच्छा पुरवत होते. तो ग्रंथ अखेर १९५० साली हार्वर्डहून निघाला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. दरम्यान १९४० साली त्यांनी 'विसुद्धिमग्ग' मुंबईत देवनागरी अक्षरांत छापवून घेतला. पाली ग्रंथ तोवर बहुतेक सिंहली, ब्रह्मी, सयामी नाही तर रोमन लिपीत मिळत. आपल्या मुलांना ओळखू येणाऱ्या अक्षरांत ते आणणे म्हणजे काय, हे ज्याने पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत फॉर्म भरला आहे त्याला समजावून सांगावे लागणार नाही.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळवून देण्यात भांडारकरांबरोबर त्यांचाही वाटा होता. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. ज्याला लहानपणी गावात धड शाळा मिळाली नाही त्याने विद्यापीठात एक विषय उभा केला.

१९२२ नंतर ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात गेले, १९२९ साली रशियात लेनिनग्राडला गेले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात पडून तुरुंगात गेले. समाजवादाचे वाचन त्यांनी अमेरिकेतच केले होते. गांधीजींवर त्यांची फार निष्ठा होती. १९३२ साली पुण्यात जे घडले ते आपण विसरलो नाही, आणि विसरावे असेही मी म्हणत नाही. परंतु माणसाचे सगळे मत आपल्याला पटले तरच त्याच्याकडून शिकायचे, असे ठरवले तर शिकायला कोणी उरणार नाही. याच धर्मानंदांनी १९३५ साली 'हिंदी संस्कृती आणि अहिंसा' लिहून वैदिक यज्ञसंस्कृती आणि पुराणांची जी चिकित्सा केली, ती त्यांच्या स्वतःच्या जातवाल्यांना मुळीच गोड वाटण्यासारखी नव्हती. त्याच वर्षी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

आणि १९३७ साली मुंबईत परळला बहुजन विहार उभा राहिला. जागा पाहा. परळ म्हणजे गिरण्या, चाळी, आपली माणसे. याच परळच्या चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षे राहिले होते. पैसा बिर्लांचा होता, म्हणून आपल्यातले काही जण आजही नाक मुरडतात. मुरडू द्या. हार्वर्डला ग्रंथ शोधणारा साठीचा आचार्य गिरणगावात येऊन बसतो आणि कामगारांना, अस्पृश्य मानलेल्या लोकांना धम्म सांगतो, ही गोष्ट पैशाच्या हिशेबात मावत नाही. त्यांनी ते स्थान फार वर्षे सांभाळले नाही, हेही खरे. एका ठिकाणी मुळे धरणे त्यांच्या स्वभावात कधीच नव्हते.

आता ज्या पुस्तकापासून आपण निघालो त्याकडे येऊ. 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ १९४० आणि १९४१ साली दोन भागांत निघाला. त्यात त्यांनी एक धाडस केले. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिले आणि मध्यरात्री झोपलेल्या पत्नी-पुत्राला सोडून ते निघून गेले, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. धर्मानंदांनी मूळ पाली सुत्ते काढून दाखवली. मज्झिमनिकायाच्या अरियपरियेसन सुत्तात आईबाप रडत असताना त्यांच्यासमोर केस काढून प्रव्रज्या घेतल्याचे सांगितले आहे. तेव्हा रात्री चोरून जाणे कसले? सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तात शस्त्र धारण करून एकमेकांवर उठलेल्या लोकांना पाहून वैराग्य आल्याचे वर्णन आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. 'बोधिसत्त्व' या नाटकातही हेच मांडले.

रोहिणीच्या पाण्याचे भांडण! तुम्ही ते दरवर्षी वर्षावासात ऐकता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे कारण म्हणून हीच घटना सांगितली आहे, आणि शाक्य संघापुढे सिद्धार्थ युद्धाला कसा विरोध करतो ते विस्ताराने मांडले आहे. अभ्यासक या दोन ग्रंथांचे नाते दाखवतात. बाबासाहेबांची मांडणी त्यांची स्वतःची आहे, धर्मानंदांची नक्कल नव्हे. तरी पाण्याच्या भांडणाची ही वाट धर्मानंदांनी आधी मोकळी केली होती.

मला येथे एक गोष्ट वाटते, ती माझी म्हणूनच घ्या. तेविसाव्या वर्षी घर सोडताना या माणसाच्या डोळ्यांपुढे गृहत्यागी बुद्धाचे चित्र होते. चौसष्टाव्या वर्षी त्यानेच लिहिले की खरा सिद्धार्थ चोरून गेला नव्हता, घरच्यांच्या देखत गेला होता. मधल्या चाळीस वर्षांत पत्नीकडे परत येणे झाले, मुलांना वाढवणे झाले, शिष्य झाले, तुरुंग झाला. तरुण वयात ज्या पुरुषाला पाहून आपण निघालो, त्याचे चित्र म्हातारपणी पुन्हा काढावे लागते. ते ग्रंथ चाळून तर झालेच, पण स्वतःच्या आयुष्याचा हिशेबही त्यात असावा. ग्रंथात त्यांनी असे कोठे म्हटलेले नाही.

शेवटचा भाग सांगणे जड जाते, पण गाळणार नाही. प्रकृती ढासळली, शरीर कामाचे राहिले नाही, दुसऱ्यांवर भार होऊन जगण्यात अर्थ नाही असे त्यांच्या मनाने घेतले. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा त्यांनी अभ्यास केला होता, त्यावर पुस्तकही लिहिले. जैन परंपरेत अन्न सोडून देह ठेवण्याची जी रीत आहे तिच्याकडे त्यांचे मन गेले. १९४६ साली त्यांनी उपवास सुरू केला तो गांधीजींच्या सांगण्यावरून थांबवला. पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिले आणि तेथे पुन्हा अन्न सोडले. ४ जून १९४७ रोजी, सत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हे मला पटत नाही. ज्या तथागतांनी देहदंड व्यर्थ म्हणून सुजातेची खीर घेतली, जे ऐंशीव्या वर्षी आजारी शरीराने कुशीनाऱ्यापर्यंत चालत गेले आणि शेवटच्या घटकेला सुभद्राला धम्म सांगत राहिले, त्यांचा मार्ग हा नव्हे. शरीर कामाचे राहिले नाही म्हणजे माणूस निकामी झाला, हे आपण कोणत्याही आजीआजोबांना वाटू देता कामा नये. तरी त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. एरिक्सनच्या शेवटच्या पेचात हा मनुष्य समाधानाच्या बाजूला होता की वैफल्याच्या, हे बाहेरून सांगता येत नाही. शांतपणे गेले, एवढे सांगणाऱ्यांनी सांगितले आहे.

नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखो लोकांनी बुद्धं सरणं गच्छामि म्हटले. सेवाग्रामहून नागपूर काही फार लांब नाही. ते पाहायला धर्मानंद नव्हते. ज्या भाषेसाठी ते लंका आणि ब्रह्मदेश फिरले ती भाषा त्या दिवशी शेतमजुरांच्या, गिरणी कामगारांच्या, झाडूवाल्या बायांच्या तोंडी आली.

आजीबाईंना मी सध्या दर रविवारी विहारात 'निवेदन' वाचून दाखवतो. त्यांना वाचता येत नाही. नववीतला तो मुलगाही येऊन बसतो, आणि माझा घसा बसला की पुढची पाने तो वाचतो. वाचताना त्याचा आवाज खाली जात नाही, हे मी लक्षात घेतले आहे, त्याला सांगितलेले नाही. आम्ही काशीपर्यंत आलो आहोत. मीठमोहऱ्यांचा डबा आजीबाईंनी फेकलेला नाही, मोहरी फोडणीला लागते. धर्मानंदांचे संस्कृत किती झाले याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. बाळाबाईंकडे कोणी पैसे पाठवत होते का, आणि ती लहानगी चालायला केव्हा लागली, हे त्या मला दर आठवड्याला विचारतात.